वर्गात बसते, पण बसत नाही

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची निघाली : शाळेत आपण कुठल्याच घोळक्यात बसत नाही, आणि त्याचं करायचं काय हे कळत नाही. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलून हा अंक त्यालाच दिला आहे. पत्रं थोडी छाटली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : मी नववीत आहे. या वर्षी शाळा बदलली. वर्गातले सगळे गट आधीच ठरलेले आहेत. मला किडे, मुंग्या, कोळी बघायला आवडतात. पहिल्याच आठवड्यात खिडकीतला एक कोळी मी वहीवर उचलून बाहेर सोडला, तेव्हापासून काही मुली मला 'झुरळ' म्हणतात. आता मी ते सगळं बंद केलंय. त्या ज्या मालिकांबद्दल बोलतात त्या मी बघत नाही, पण बघितल्यासारखं करते, त्या हसल्या की हसते. घरी आले की इतकी दमलेली असते की दप्तरही उघडवत नाही. सगळे म्हणतात, 'स्वतःला स्वीकार.' म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. 'स्वतःला स्वीकार' हे वाक्य मोठी माणसं फार सहज फेकतात आणि पुढे काही सांगत नाहीत. आरशात बघून स्वतःवर खूश होणं म्हणजे स्वीकार नव्हे. कामापुरता साधा अर्थ घे : स्वतःला लपवण्यात रोज जी मेहनत जाते, ती कमी करत आणणं. तू दमतेस ती अभ्यासाने नाही, दिवसभराच्या अभिनयाने. आणि ही मेहनत मोजता येते, म्हणून सुरुवात मोजण्यापासून करू.

शाळेचे सात दिवस रोज घरी आल्यावर दहा मिनिटं लिही. एका पानावर तीन रकाने आख : कुठे लपवलं, काय होईल असं वाटलं, प्रत्यक्षात काय झालं. (तपासायला जाणाऱ्या वहीत लिहू नकोस, आणि ही वही शाळेत नेऊही नकोस. दुसऱ्याच्या हातात पडलेली अशी वही वर्षभर पुरते.) उदाहरणार्थ : 'दुसऱ्या तासाआधी मालिका बघितली असं म्हणाले, पुढे काही विचारलं तर पकडली जाईन असं वाटलं, कुणी काही विचारलंच नाही.' 'सगळे हसले' असं लिहिणं मात्र बंद. किती जणी हसल्या तो आकडा लिही आणि पुढे नावं. पहिल्या दोन दिवसांत चूक होते ती इथेच, कारण 'सगळे' हा शब्द आपोआप लिहिला जातो. नावं लिहायला बसलं की सहसा दोन-तीनच निघतात, आणि मग उरलेल्या वर्गाचं काय, हा प्रश्न पहिल्यांदा पडतो.

तुझ्या वयात सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटणं ही तुझी एकटीची खोड नाही. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 साली याला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली छापलेला प्रयोग तर मजेशीर आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज निम्म्यांच्या आसपास होता. प्रत्यक्षात त्याच्याही निम्म्यांनीच तो टी-शर्ट टिपला होता. तुझा तिसरा रकाना हाच प्रयोग तुझ्या वर्गात करतो.

सात दिवसांनंतर यादी घेऊन बस. काही गोष्टी खाजगी असतात, त्या कुणालाच सांगायच्या नाहीत. घरातली भांडणं, शरीराबद्दलचं काही, कुणी विश्वासाने सांगितलेलं. हे लपवणं नव्हे, हा तुझा हक्क आहे, त्याला हात लावू नकोस. काही गोष्टी कुणी विचारलं तरच सांगायच्या. आणि उरतात त्या निव्वळ सवयीने लपवलेल्या : न बघितलेली मालिका, न आवडलेलं गाणं. यातली सगळ्यात हलकी गोष्ट आधी उचल. मालिकेचा विषय निघाला की 'हो, बघितली' ऐवजी 'मी नाही बघत. काय झालं त्यात?' एवढंच म्हण. हे वाक्य घरी पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून बघ, कारण वर्गात ते दोन तऱ्हांनी बिघडतं. एक तर आवाज बारीक होतो आणि 'सॉरी, मी नाही बघत' असं बाहेर पडतं. माफी मागितली की समोरच्याला वाटतं, इथे काहीतरी गुन्हा झालाय. नाहीतर उलट टोक : 'मी असलं काही बघत नाही.' यातल्या 'असलं'ने दार आपणच बंद करतो. वेळ विचारल्यावर सांगतो तशा सुरात ते म्हणता आलं पाहिजे. आणि शेवटचा प्रश्न गाळू नकोस, संभाषण त्याच्यावरच पुढे सरकतं.

आता गटाचं. अख्खा वर्ग जिंकायचा विचार सोडून दे, एक जण पुरते. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात केलेला प्रयोग आहे. रेषांच्या लांबीसारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीतही बाकीचे सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देऊ लागले, की माणसं सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे गेली. पण खरं उत्तर देणारा एकच माणूस सोबत बसवला, तेव्हा हे प्रमाण एकदम खाली आलं. तुला हवी आहे ती ही एक.

ती शोधायची कशी? वर्गातली सगळ्यात लाडकी मुलगी सोडून बघ. तिच्याभोवती आधीच गर्दी असते आणि तिथे तुझा नंबर कायम शेवटचा लागेल. कुणाच्या चेष्टेवर उशिरा किंवा अर्धवट हसणारी, तास संपल्यावर रेंगाळणारी, वहीच्या कडेला चित्रं काढणारी, तू काही बोललीस तर 'मग?' असं विचारणारी अशी एखादी असतेच. तिच्याशी बोलताना दोन वाक्यं आणि एक प्रश्न, एवढंच माप ठेव. 'खिडकीतला तो बारका कोळी जाळं लावून बसत नाही, उडी मारून पकडतो. तुला कोळ्याची भीती वाटते का?' बस. तिने उत्तर दिलं तर तिच्या उत्तरावर बोल, आपल्या कोळ्यावर नको. आवडीच्या विषयात बुडालेल्या मुलांचं गाडं अडतं ते इथेच : विषय विचित्र असतो म्हणून नाही, तर समोरच्याला आत यायला फट ठेवलेली नसते म्हणून. सलग दहा मिनिटं क्रिकेट सांगणाऱ्या मुलालाही लोक असेच कंटाळतात, फक्त त्याला कुणी झुरळ म्हणत नाही.

मैत्रीला तास लागतात, हे अगदी शब्दशः घे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात, ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सोबतीचे सुमारे 50 तास आणि जवळच्या मैत्रीला 200 च्या वर तास लागतात असं दिसलं. तो अभ्यास मोठ्या माणसांचा आणि कॉलेजमधल्या मुलांचा आहे, तरी हिशोब करून बघ. मधली सुट्टी वीस मिनिटांची, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे 100 मिनिटं. या वेगाने 50 तास व्हायला तीस आठवडे, जवळपास अख्खं शाळेचं वर्ष. म्हणून नुसत्या मधल्या सुट्टीवर विसंबू नकोस. प्रयोगवहीतली जोडी, भित्तीपत्रक, शाळेतून घरी येण्याची वाट, असे हाताला काम किंवा पायाला चाल असलेले तास जोड. शांत मुलींना समोरासमोर बसून गप्पा मारण्यापेक्षा शेजारी बसून काही करणं सोपं जातं. आणि महिन्याभरात काही जमलं नाही म्हणून 'आपल्याला जमतच नाही' असा निकाल लावू नकोस. महिन्याभरात तास भरलेलेच नसतात.

दोन ठिकाणी सांभाळ. पहिल्याच आठवड्यात सगळी गुपितं ओतू नकोस. लहान गोष्ट सांग, ती तिच्यापाशी राहते का बघ, मग पुढची. आणि तिने एखाद्या दिवशी दुसरीसोबत बसायचं ठरवलं तर तो नकार मोजू नकोस. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या निमित्ताने तीनदा विचारून तिन्ही वेळा टाळलं, तर मग दुसरी शोध.

उरलं 'झुरळ'. इथे काल्पनिक प्रेक्षक वगैरे काही नाही, ते खरंच घडतंय, आणि ते स्वीकारायचं नाही. स्वीकार स्वतःचा करायचा असतो, वागणुकीचा नव्हे. घोळका नसताना, ज्या मुलीने नाव सुरू केलं तिला एकदाच सरळ सांग : 'मला माझ्या नावाने हाक मार.' खमंग उत्तर शोधत बसू नकोस. त्यातून जुगलबंदी सुरू होते आणि बघ्यांना तेच हवं असतं. त्यानंतर त्या नावाला ओ द्यायची नाही. पहिले काही दिवस चिडवणं वाढेल, कारण नेहमीचं बटण दाबूनही दिवा लागत नाही म्हटल्यावर माणूस ते आणखी जोरात दाबतो. हे आधी माहीत असलं की आपला उपाय फसला असं वाटत नाही. दोन आठवड्यांनीही सुरूच राहिलं, किंवा वस्तू लपवणं, धक्का देणं, फोटो फिरवणं असं काही झालं, तर थांबू नकोस. तारीख, तास, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं, एवढं कागदावर लिहून वर्गशिक्षकांना दे आणि घरी सांग. 'मला त्रास देतात' या वाक्याला 'दुर्लक्ष कर' असं उत्तर मिळतं. तारखांचा कागद पुढे ठेवला की तसं उत्तर देणं अवघड जातं.

कोळी उचलणं मात्र बंद करू नकोस.

प्रश्न : रोज सकाळी आरशासमोर 'मी छान आहे, मी सगळ्यांना आवडतो' असं वीस वेळा म्हणतो. महिना झाला. उलट जास्त वाईट वाटतं. माझं काय चुकतं?

उत्तर : तुझं काही चुकत नाही, नुस्खाच चुकीचा आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअ‍ॅन वुड यांनी 2009 साली दाखवलं, की ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटतं त्यांना अशी वाक्यं म्हणून आणखी वाईट वाटतं. कारण उघड आहे. 'मी सगळ्यांना आवडतो' म्हणताक्षणी मन 'खोटं!' म्हणतं आणि पुरावे काढून दाखवायला लागतं. न पटणारं वाक्य सोड आणि भांडता येणार नाही असं खरं वाक्य घे : 'आज मी गणिताच्या तासाला शंका विचारली.' रात्री एकदाच, दिवसातलं एक. तारीफ नको, नुसती नोंद.

आणि आपण स्वतःशी मऊपणाने बोललो तर आळशी होऊ, अशी धास्ती तू पत्रात शेवटी लिहिली आहेस. ब्राइन्स आणि चेन यांच्या 2012 च्या अभ्यासात चाचणीत खराब गुण पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवलं, तर पुढच्या चाचणीसाठी त्यांनीच जास्त वेळ अभ्यास केला. जवळच्या मित्राला नापास झाल्यावर जे म्हणशील ते स्वतःला म्हण, शब्द तेच, सूर तोच.

प्रश्न : वय 14 वर्षं 2 महिने. वर्गात सगळ्यात बुटका मीच. आवाज फुटला नाही, मिशी नाही. मी स्वतःच स्वतःवर विनोद करतो म्हणजे दुसरे करणार नाहीत, पण तसं होत नाही. बारला लटकून उंची वाढते का?

उत्तर : लटकून हाडं वाढत नाहीत. उंची वाढवणाऱ्या पावडरींचंही नाव काढू नकोस.

मुलग्यांमध्ये वयात येण्याची सुरुवात 9 ते 14 या कुठल्याही वर्षी होऊ शकते. म्हणजे एकाच बाकावरच्या दोन मुलांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर पडलं तरी दोघेही ठाकठीक असतात. मुलींची उंची मुलग्यांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते, त्यामुळे सध्या वर्गातल्या मुलीही तुझ्यापेक्षा उंच असतील. शिवाय तू बघतोयस त्या खुणाच चुकीच्या आहेत. मिशी आणि आवाज या नंतरच्या पायऱ्या. मुलग्यांमध्ये पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं, आणि ती वर्गात कुणाला दिसत नाही. ही खूणही 14 पूर्ण झाल्यावर दिसत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं, एवढा साधा नियम आहे. मुलींसाठी तीच रेषा 13 वर्षांची. तुला 14 पूर्ण झाली आहेत, म्हणून शंका असेल तर या महिन्यातच जा. लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टर बहुधा वाढीचा तक्ता काढतील, तपासतील, लागला तर हाताचा एक्स-रे घेऊन हाडांचं वय बघतील. पुष्कळदा निघतं एवढंच, की घड्याळ उशिराचं आहे, आणि वडिलांचं किंवा मामाचंही तसंच होतं. घरी विचारून बघ.

उंची रोज मोजू नकोस. तीन महिन्यांतून एकदा, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर काटकोनात पुस्तक धरून पेन्सिलची खूण. सकाळीच का, तर संध्याकाळपर्यंत मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सेंटिमीटरभर कमी भरते, आणि सकाळची खूण संध्याकाळच्या खुणेशी ताडून मुलं उगाच घाबरतात. झपाटा सुरू होण्याआधी वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर वाढ असते. त्यापेक्षा बरीच कमी भरली तर तो आकडा डॉक्टरांना सांग.

आता विनोद. स्वतःवर केलेला विनोद ढाल वाटतो, पण बाकीच्यांना तो परवाना वाटतो : हा स्वतःच हसतोय म्हणजे चालतंय. एक महिना उंचीवरचा विनोद स्वतःहून करायचा नाही, एवढंच ठरव. दुसऱ्याने केला तर हसायचंही नाही, चिडायचंही नाही. चालू होतं ते बोलणं पुढे न्यायचं. गप्प बसलेला चेहरा लाल होईल, होऊ दे.

प्रश्न : मी 16 वर्षांचा आहे, अडखळत बोलतो. सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःचं नाव सांगणं. उत्तर येत असूनही 'माहीत नाही' म्हणतो. मित्र चांगले आहेत, वाक्य पूर्ण करून देतात, त्याचाही राग येतो. न अडखळता बोलायला लागलो की मी स्वतःला आवडेन असं वाटतं.

उत्तर : नावावरच गाडी अडते, कारण नावाला दुसरा शब्द नसतो. 'पाणी' अडलं तर 'प्यायला दे' म्हणता येतं. नाव बदलून सांगता येत नाही. हजेरीलाही तेच, ठरलेल्या क्षणी ठरलेलाच शब्द. म्हणजे कौशल्य कमी पडत नाहीये, पळवाट बंद आहे. आणि पळवाटा जितक्या जास्त वापराव्यात तितकी भीती वाढते, हे तोतरेपणाचं मूळ गणित.

मुळात हा घाबरटपणाही नव्हे आणि संस्काराचा दोषही नव्हे. बहुतेकांना दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, पुष्कळांचा आपोआप जातो, साधारण शंभरात एकाला राहतो, आणि ज्यांना राहतो त्यांत मुलगे मुलींच्या कितीतरी पट असतात. आनुवंशिकता आणि मेंदूतली बोलण्याची जुळणी ही त्याची मुळं. ताणाने तो वाढतो, जन्मत नाही.

क्रम उलटा कर. आधी लपवणं सोडायचं, ओघ जमेल तसा मागून येईल. पहिलं काम, ज्या विषयाची सगळ्यात जास्त धास्ती त्या शिक्षकांना चिठ्ठी : 'मी अडखळतो. मला उत्तरं येतात. कृपया माझं वाक्य पूर्ण करू नका, आणि मला वगळू नका. वाचनाचा नंबर असेल तर आदल्या दिवशी सांगा.' 'वगळू नका' हे आवर्जून लिही, नाहीतर दयाळू शिक्षक तुला वर्षभर विचारणारच नाहीत आणि तुझी भीती जिथल्या तिथे राहील. दुसरं, मित्रांना : 'वाक्य मीच पूर्ण करणार, थांबा.' ते मदत करतायत असंच त्यांना वाटत असतं. न सांगता कळेल ही अपेक्षा चूक. तिसरं अवघड आहे. मुद्दाम अडखळायचं. जो शब्द तुला सोपा जातो त्याचं पहिलं अक्षर हलकेच, जोर न देता दोन-तीनदा उच्चारायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, आणि वाक्य पुढे न्यायचं. आधी अनोळखी माणसापाशी, मग मित्रापाशी, शेवटी वर्गात. दिवसाला दोनदा पुरे. ज्याला घाबरतो तेच आपण आपल्या हाताने केलं की त्याची धार बोथट होते. वाचा-उपचार तज्ज्ञ हे पद्धतशीर करून घेतात. त्यांच्याकडे जाता आलं तर तिथूनच सुरुवात कर.

टाळायचं ते : मांडीवर थाप मारून बोलणं, डोळे मिटणं, बोलण्याआधी छाती भरून श्वास घेऊन जोर लावणं. या युक्त्या आठवडाभर चालतात, मग निकामी होतात आणि अंगाला मात्र चिकटून राहतात. आधी एक अडचण होती, आता दोन. दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून वाचलं की बहुतेकांचं अडखळणं जवळपास थांबतं, म्हणून गटवाचनात जरूर भाग घे. तिथे जमलं ते एकट्याने बोलताना का जमत नाही, म्हणून मात्र स्वतःला बोल लावू नकोस. ती किमया सोबतीच्या आवाजाची.

प्रश्न : मुलगा आठवीत. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात एकटाच बसतो असं बाईंनी सांगितलं. आम्ही त्याला खेळाच्या वर्गाला घातलं, वाढदिवसाला वर्गमित्रांना बोलावलं. तो खोलीबाहेर आला नाही. काय करावं?

उत्तर : एकटं असणं आणि एकटं पडणं यात फरक आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. तो ग्रंथालयात जातो की वर्गातून तिकडे पळतो, हे आधी कळायला हवं. समोर बसवून 'तुला मित्र का नाहीत?' असं विचारू नका. गाडीत, चालताना, भांडी पुसताना, म्हणजे नजरेला नजर नसताना विचारा : 'ग्रंथालयात काय वाचतोस?' उत्तर रंगून आलं तर बहुधा तो तिथे मजेत आहे. 'काही नाही' आलं तर दोन दिवस थांबून, 'तिथे जाण्याआधी कुठे बसायचास?' हा प्रश्न जास्त सांगून जातो.

'जरा मिसळत जा' हे वाक्य घरातून हद्दपार करा. ते ऐकून मुलाला एवढंच कळतं, की शाळेत कमी पडतो तसा घरीही कमी पडतो. वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलावणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला थेट खोल पाण्यात सोडणं. त्याऐवजी एकच मुलगा, दीड-दोन तास, आणि हाताला काही काम : सायकल उघडणं, कोडं जुळवणं. संपण्याची वेळ आधीच ठरलेली असावी, म्हणजे कंटाळा येण्याआधी भेट आटोपते.

झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडली, रविवारी संध्याकाळी पोट दुखू लागलं, आवडीच्या गोष्टी सुटल्या, वस्तू 'हरवायला' लागल्या, तर मात्र हा स्वभाव नव्हे. समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. 'मी नसतो तर बरं' अशा अर्थाचं काही तो बोलला तर त्याच दिवशी सरळ विचारा : 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मी आठवीची वर्गशिक्षिका. वर्गात 48 मुलं, त्यातली तीन-चार कायम वेगळी पडलेली. त्यांना मुद्दाम पुढे केलं तर आणखी हसं होतं. न दाखवता काय करता येईल?

उत्तर : पहिलं, 'आपापले गट करा' हे बंद. ते म्हटल्यावर पहिल्या मिनिटात काय होतं ते एकदा फळ्याजवळून नीट बघा : कोण कुणाकडे धावतं, आणि कोण वही चाळायचं नाटक करत खाली बघतं. त्या एका मिनिटात सगळ्या वर्गासमोर उघड लिलाव होतो. गट तुम्हीच करा, यादी आदल्या दिवशी तयार ठेवा.

गटाला काम असं द्या, की प्रत्येकाजवळ दुसऱ्याला लागणारा तुकडा असेल. इलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये, वर्गांतली तेढ कमी करायला ही पद्धत काढली. पाच-सहा जणांचा गट, धड्याचे तेवढेच भाग, प्रत्येकाला एक. आधी सगळ्या गटांतले 'भाग दोन'वाले एकत्र बसून तो भाग पक्का करतात, मग आपापल्या गटात परत येऊन शिकवतात. ही मधली पायरी वेळ वाचवायला गाळली तर पद्धत उलटी फिरते, कारण कच्च्या किंवा लाजऱ्या मुलाला तयारीविना तोंडघशी पाडलं जातं. शेवटी चाचणी सगळ्या भागांवर, आणि एकेकट्याची. मग त्या अबोल मुलाचा भाग ऐकण्यात बाकीच्यांचा स्वतःचा फायदा असतो; दया करायची वेळच येत नाही. एकदा करून सोडू नका, आठवड्यातून दोन तास असं किमान सहा आठवडे. पहिले दोन आठवडे गोंगाट फार होतो आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येते, तेव्हा मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

बाकांची जागा दर चार आठवड्यांनी सगळ्यांचीच बदला. वेगळ्या पडलेल्या मुलाला वर्गाच्या 'लाडक्या'शेजारी बसवायचा मोह होतो, तो टाळा. शेजारी असा हवा, जो कुणाला चिडवत नाही आणि ज्याला स्वतःलाही फार मित्र नाहीत. कौतुक करायचं तर सगळ्यांसमोर नको. वही परत देताना, हळू आवाजात, आणि नेमकं : 'तुझ्या आकृतीतली नावं तिरकी न लिहिता आडवी लिहिलीस, वाचायला सोपी गेली.'

आणि हजेरी घेताना मान वर करा. वहीत बघून नाव पुकारणं आणि चेहऱ्याकडे बघून पुकारणं यात 48 मुलांमागे फार तर दीड मिनिट जास्त जातं.